खानापूर-निपाणीहून बेळगावच्या सर्व्हरपर्यंत: अर्धी फाइल प्रक्षेपणात जाऊ नये म्हणून

बेळगावातील एका स्थानिक केबल वृत्तवाहिनीची तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी येथील त्यांचे वार्ताहर दिवसभर व्हिडिओ पाठवतात; कोणी व्हॉट्सॲपवर, कोणी गुगल ड्राइव्हवर, तर कोणी संध्याकाळी पेन ड्राइव्ह घेऊन स्वतःच कार्यालयात येतो. फाइल वाटेत अडकते, कधी अर्धीच पोहोचते, आणि मध्यंतरी एका बुलेटिनमध्ये बातमी सुरू होऊन काही सेकंदांत पडदा काळा झाला. आता मालक ‘मीडिया सर्व्हर’ घ्यायला तयार आहेत, तेव्हा तो कोणता घ्यावा, रॅम किती असावी आणि किती टेराबाइटच्या डिस्क लागतील, असे त्यांनी विचारले आहे.

सीमाभागातील लहान वाहिन्यांसाठी हे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, त्यामुळे रॅम आणि डिस्क यांचे उत्तर मी देणारच आहे. परंतु ते शेवटी देईन, कारण आपण सांगितलेल्या अडचणींपैकी एकही अडचण केवळ मोठे यंत्र आणून सुटणारी नाही. आपल्यापुढे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. पहिला, वार्ताहराच्या गावातून वर जाणारी इंटरनेटची वाट अरुंद आहे आणि ती मधूनमधून तुटते. दुसरा, आणि माझ्या मते अधिक गंभीर, म्हणजे फाइल पूर्ण येण्याआधीच ती एडिटरला आणि प्लेआउटला (प्रक्षेपणासाठी फाइल चालवणाऱ्या यंत्रणेला) दिसते. पहिल्या प्रश्नामुळे बातमी उशिरा लागते. दुसऱ्यामुळे ती प्रेक्षकांसमोर फसते. म्हणून पूर्ण न झालेली किंवा न तपासलेली फाइल पुढच्या टप्प्याला दिसताच कामा नये, या एका नियमाभोवती सगळी मांडणी करावी.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. आपले प्लेआउट सॉफ्टवेअर कोणते स्वरूप (फाइल फॉरमॅट) मागते, कार्यालयाच्या इंटरनेट जोडणीला स्थिर सार्वजनिक पत्ता (आयपी ॲड्रेस) आहे की नाही, आणि आपण फक्त बेळगावच्या केबलवर दिसता की बेंगळुरू किंवा मुंबईच्या मोठ्या वाहिन्यांनाही फुटेज पाठवता, यावर पुढील तपशील बदलतील. मी असे गृहीत धरतो की आपले प्रक्षेपण मराठी आणि कन्नड अशा दोन्ही बुलेटिनांचे आहे, चारपाच एडिटिंग मशीन आहेत आणि थेट प्रक्षेपणाची व्यवस्था वेगळी आहे.

आधी हिशेब करू. प्रक्षेपणात रूढ असलेल्या एक्सडीकॅम एचडी ४२२ या स्वरूपाचा वेग सेकंदाला ५० मेगाबिट असतो, म्हणजे आवाजाचे ट्रॅक धरून एका मिनिटाला सुमारे ४०० मेगाबाइट. वार्ताहराच्या मोबाइलला सेकंदाला १० मेगाबिटचा अपलोड खरोखर मिळाला, तरी त्या एका मिनिटाला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागेल. तेच दृश्य एच.२६४ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या एका रूढ पद्धतीत) सेकंदाला ८ मेगाबिटने पाठवले, तर मिनिटाला ६० मेगाबाइट होतात आणि पाठवायला पाऊण मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. बातमीच्या कामासाठी ८ ते १२ मेगाबिटचे एच.२६४ पुरेसे चांगले दिसते, म्हणून गावाकडून तेच येऊ द्यावे आणि प्रक्षेपणाचे स्वरूप कार्यालयात तयार करावे. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल मात्र पुन्हा दाबली जाते आणि चित्र खराब होते. अगदीच अडचण आली तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. त्यात मूळ फाइल २ जीबीपर्यंत जशीच्या तशी जाते.

आता वाटेविषयी. निपाणी आणि चिकोडीसारख्या गावांत फायबरची जोडणी मिळते, तेव्हा तिथे एक लॅपटॉप कायम ठेवता येतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे, जांबोटीच्या पुढे कणकुंबीच्या बाजूला, जंगलामुळे आणि चढउतारांमुळे मोबाइलचे जाळे सलग मिळत नाही, आणि पावसाळ्यात जे मिळते तेही भरवशाचे नसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, तेव्हा चिकोडी, रायबाग आणि अथणी तालुक्यांतून फुटेज आणणे किती अवघड झाले होते, हे आपल्या वार्ताहरांना आठवत असेल. शहरातही गणेश विसर्जनाच्या रात्री किंवा सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन चालू असताना एकाच टॉवरवर शेकडो माणसे थेट प्रक्षेपण करत असतात. म्हणजे जोडणी तुटणे हा अपवाद नसून रोजची गोष्ट आहे, असे धरूनच साधन निवडले पाहिजे. तुटल्यावर फाइल जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू झाली पाहिजे.

या कसोटीवर साधे एफटीपी, म्हणजे फाइल पाठवण्याची जुनी पद्धत, टिकत नाही. त्यात पासवर्ड उघडा जातो, हे एक कारण. दुसरे कारण कमी लोकांच्या लक्षात येते: एफटीपीमध्ये आज्ञांची जोडणी आणि फाइलची जोडणी वेगळी असते, आणि मोठी फाइल जात असताना आज्ञांची जोडणी बराच वेळ शांत राहिली की वाटेतला राउटर ती बंद करतो. मग फाइल पूर्ण पोहोचूनही वार्ताहराच्या पडद्यावर ‘अयशस्वी’ दिसते आणि तो बिचारा तीच फाइल पुन्हा पाठवू लागतो. त्याऐवजी मोबाइलसाठी एसएफटीपी (फाइल सुरक्षित जोडणीतून पाठवण्याची पद्धत) आणि गावाकडील लॅपटॉपसाठी आरसिंक (दोन संगणकांवरील फाइली जुळवून घेणारे साधन) ही जोडी मी बसवतो. ॲस्पेरा किंवा सिग्नियंट यांसारखी यूडीपी या इंटरनेटवरील पाठवण्याच्या पद्धतीच्या आधारे वेग वाढवणारी सॉफ्टवेअरे उत्तम आहेत. पण त्यांचा खरा उपयोग लांबच्या, आंतरराष्ट्रीय मार्गांवर होतो. निपाणीच्या वार्ताहराचा अपलोडच अरुंद असेल, तर तो कोणतेही सॉफ्टवेअर रुंद करू शकत नाही, म्हणून आपल्या अंदाजपत्रकात मी त्यांना जागा देणार नाही.

सार्वजनिक पत्त्याचा मुद्दा येथेच पाहून घ्या. मोबाइल कंपन्या आणि अनेक फायबर सेवा एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. त्याला सीजीनॅट म्हणतात. कार्यालयाची जोडणी तशी असेल, तर बाहेरून कोणीही आपल्या सर्व्हरपर्यंत पोहोचू शकत नाही. स्थिर सार्वजनिक पत्त्यासाठी वेगळे पैसे मोजावेत, नाहीतर क्लाउडमध्ये एक लहान भाड्याचा सर्व्हर घेऊन तो टपालपेटीसारखा वापरावा आणि कार्यालयातील सर्व्हरने तेथून फाइल ओढून आणाव्यात. दुसऱ्या मार्गाचा मोठा फायदा असा की कार्यालयाची वीज किंवा फायबर गेली तरी वार्ताहरांचे पाठवणे थांबत नाही. मला स्वतःला हाच मार्ग अधिक पसंत आहे.

आता मुख्य भागाकडे येऊ, आणि येथे कृपया थोडा वेळ द्या. बहुतेक ठिकाणी एक सामायिक फोल्डर असतो, वार्ताहराची फाइल थेट त्यात उतरते आणि ‘वॉच फोल्डर’ त्यावर लक्ष ठेवून फाइल पुढे उचलतो. फाइल पूर्ण झाली हे तो कसे ठरवतो? दहा-वीस सेकंदांत आकार वाढला नाही, की फाइल पूर्ण झाली असे तो मानतो. कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कवर हे चालून जाते. परंतु खानापूरच्या वार्ताहराची गाडी टॉवरच्या कक्षेबाहेर गेली आणि पाठवणे अर्धा मिनिट अडकले, तर आकार वाढत नाही, वॉच फोल्डर समाधानी होतो आणि अर्धी फाइल पुढे निघते. आपल्या बुलेटिनमध्ये जे घडले ते बहुधा याच पद्धतीने घडले असावे. सेकंद वाढवून हा दोष जात नाही. तो केवळ कमी वेळा दिसतो आणि म्हणून शोधायला अधिक कठीण होतो.

उपाय असा की फाइल येत असताना तिला तात्पुरते नाव असावे आणि पूर्ण झाल्यावरच खरे नाव मिळावे. वॉच फोल्डरला तात्पुरत्या नावाकडे बघण्याचीच परवानगी नसावी. आरसिंक हे आपणहून करते: ते लपलेल्या तात्पुरत्या नावाने लिहिते, शेवटी संपूर्ण फाइलची बेरीज (चेकसम, म्हणजे फाइलवरून निघणारा पडताळणीचा आकडा) पडताळते आणि मगच नाव बदलते. मात्र त्याला ‘इनप्लेस’ किंवा ‘अपेंड’ हे पर्याय दिले, तर ते थेट खऱ्या नावावर लिहू लागते आणि सगळे संरक्षण निघून जाते. तुटलेला भाग राखून तेथून पुढे जायचे असेल, तर अर्धवट फाइलींसाठी वेगळा फोल्डर सांगण्याचा जो पर्याय आहे, तो वापरावा. विंडोजवरील विनएससीपी हे एसएफटीपीचे सॉफ्टवेअरही मोठ्या फाइलींसाठी तात्पुरते नाव वापरते. मोबाइलवरील बरीच एसएफटीपी ॲप्स मात्र असे करत नाहीत, म्हणून मोबाइलवरून येणारी फाइल ही नेहमी संशयित धरावी.

या कारणासाठी मी तीन फोल्डर ठेवतो: ‘आवक’, ‘तपासणी’ आणि ‘तयार’. वार्ताहराला फक्त आवक दिसते, आणि त्यातही स्वतःचाच कप्पा. साखर कारखान्याच्या दारात उसाची गाडी आधी वजनकाट्यावर चढते आणि मगच गव्हाणीकडे जाते, तसे प्रत्येक फाइलने तपासणीतून गेलेच पाहिजे. लॅपटॉपवरून येणाऱ्या फाइलसोबत एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेल्या बेरजेची लहान मजकूर फाइल यावी आणि सर्व्हरने ती बेरीज स्वतः काढून ताडून पाहावी. मोबाइलवर अशी फाइल तयार करण्याचा आग्रह धरू नका, वार्ताहर कंटाळून व्हॉट्सॲपकडे परत जाईल. त्याऐवजी सर्व्हरने एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरने फाइल पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत उलगडून पाहावी आणि फाइलने सांगितलेली लांबी व प्रत्यक्ष निघालेली लांबी जुळते का, ते पाहावे. मोबाइलच्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते, म्हणून अर्धी एमपी४ उघडतच नाही आणि लगेच पकडली जाते. अर्धी एमएक्सएफ (प्रक्षेपणात वापरली जाणारी) फाइल मात्र अनेकदा व्यवस्थित उघडते, काही काळ चालते आणि मग संपते, त्यामुळे तिच्याबाबत लांबीची ही तपासणी अजिबात टाळू नये.

तपासणीत उतरलेली फाइल ‘तयार’मध्ये नाव बदलून सरकवावी. येथे एक बारकावा आहे. नाव बदलण्याची क्रिया एका क्षणात पुरी होते, पण दोन्ही फोल्डर एकाच व्हॉल्यूमवर (साठ्याच्या एकाच भागावर) असतील तरच. ते वेगळ्या डिस्कवर असतील, तर संगणक गुपचूप नक्कल करून मूळ फाइल पुसतो, आणि त्या नकलेच्या काळात पुन्हा अर्धी फाइल सगळ्यांना दिसते. म्हणून हे तीनही फोल्डर एकाच व्हॉल्यूमवर ठेवा, आणि प्लेआउट मशीनकडे जाणारी नक्कल पुन्हा तात्पुरत्या नावानेच जाऊ द्या.

तपासणीच्या टप्प्यावरच रूपांतरही करून घ्यावे. आपल्याकडील प्रक्षेपण सेकंदाला २५ फ्रेमचे आहे, तर मोबाइल मुळात ३० फ्रेमवर आणि तेही कमीजास्त होणाऱ्या गतीने चित्रीकरण करतो. अशी फाइल तशीच एडिटिंगच्या टाइमलाइनवर ठेवली, तर हालचाल अडखळते आणि लांब मुलाखतीत ओठ व आवाज यांचा मेळ सुटतो. वार्ताहरांना २५ फ्रेमची सोय असलेले कॅमेरा ॲप द्यावे. आपल्या ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइटखाली दिसणारे पट्टेही त्याने कमी होतात. जे ३० फ्रेमवरच येईल, ते सर्व्हरने बदलून घ्यावे.

फाइलच्या नावांबद्दल मी आग्रही आहे, आणि दोन भाषांच्या वाहिनीत तर फारच. फाइलचे नाव रोमन लिपीतील लहान अक्षरे, अंक आणि अधोरेखा यांतच असावे: तारीख, गावाचा संकेत, वार्ताहराचा संकेत, क्रमांक. देवनागरी किंवा कन्नड नावे वाचायला सोयीची असतात, हे खरे आहे, पण युनिकोडमध्ये तेच अक्षर दोन प्रकारे साठवता येते. ‘शेतकऱ्यांचा मोर्चा’ या नावातील ‘ऱ’ हे एक स्वतंत्र चिन्ह म्हणून लिहिता येते किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येते. कन्नडमधील ओकाराच्या मात्रेचेही तसेच आहे. जुन्या मॅकच्या फाइल पद्धतीत ही चिन्हे सुटी करून साठवली जातात, लिनक्सवर जशी आली तशी राहतात. मग पडद्यावर अगदी सारखी दिसणारी दोन नावे सर्व्हरला वेगळी वाटतात आणि रनडाउनमध्ये (बुलेटिनमधील बातम्यांच्या क्रमयादीत) ‘फाइल सापडत नाही’ असा संदेश येतो. बातमीचे शीर्षक मराठीत आणि कन्नडमध्ये हवे तितके सविस्तर लिहा, पण ते नोंदवहीत, फाइलच्या नावात नको.

दोन भाषांचा आणखी एक फायदा करून घेता येतो. एकाच बातमीची मराठी आणि कन्नड अशी दोन संपूर्ण व्हिडिओ फाइल करण्याऐवजी एका एमएक्सएफमध्ये पहिल्या दोन ट्रॅकवर मूळ आवाज, पुढील दोनवर मराठी निवेदन आणि त्यापुढील दोनवर कन्नड निवेदन ठेवता येते. प्लेआउट सॉफ्टवेअर ट्रॅक निवडू देत असेल, तर जागा आणि नकलेचा वेळ दोन्ही निम्मे होतात, आणि एका भाषेच्या आवृत्तीत केलेली दुरुस्ती दुसरीत राहून जात नाही. यासाठी चित्रावर अक्षरे न छापता ती ग्राफिक्स यंत्राने प्रक्षेपणाच्या वेळी घालावी लागतात.

आता यंत्र. फाइल घेणे, तपासणे आणि देणे या कामासाठी फार शक्तिशाली सर्व्हर लागत नाही. ३२ जीबी ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅम आणि मध्यम दर्जाचा सर्व्हर प्रोसेसर पुरतो. रूपांतराचे काम जड असते, ते शक्यतो वेगळ्या मशीनवर द्यावे, म्हणजे बुलेटिनच्या आधीच्या गर्दीत एडिटरची टाइमलाइन अडखळणार नाही. साठ्याचा हिशेब असा: रोज चार तासांचे फुटेज ५० मेगाबिटच्या स्वरूपात ठेवले, तर तासाला सुमारे २५ जीबी या दराने दिवसाला १०० जीबी होतात, म्हणजे महिन्याला ३ टेराबाइट. ८ टेराबाइटच्या चार डिस्क रेड-६ मध्ये (डिस्क बिघडली तरी माहिती राहावी म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या मांडणीत) लावल्या, तर १६ टेराबाइट वापरायला मिळतात आणि कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी माहिती राहते. रेड-५ मध्ये जागा जास्त मिळते, पण ८ टेराबाइटची डिस्क बदलल्यावर ती नव्याने भरायला सेकंदाला १५० मेगाबाइटच्या वेगानेही सुमारे १५ तास लागतात, आणि तेवढ्या वेळात दुसरी डिस्क गेली तर सगळे जाते. डिस्क विकत घेताना ती एसएमआर पद्धतीची (माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणारी) नाही, याची खात्री करून घ्या. अशा डिस्क स्वस्त असतात, पण रेडमध्ये सतत लिहिताना फार मंदावतात. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल ते परत देत नाही, म्हणून निवडक फुटेजची एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी.

चार एडिटर प्रत्येकी ५० मेगाबिटचे दोन व्हिडिओ प्रवाह चालवू लागले की सेकंदाला ४०० मेगाबिट तेथेच जातात. त्यात नक्कल सुरू झाली, की १ गिगाबिटची तार भरते. सर्व्हर ते स्विच (कार्यालयातील संगणक एकमेकांना जोडणारा डबा) ही एकच जोडणी १० गिगाबिटची करा; एडिटरच्या मशीनना १ गिगाबिट पुरे. आणि प्लेआउट कधीही नेटवर्कवरून चालवू नका. त्या दिवसाच्या फाइल त्याच्या स्वतःच्या एसएसडीवर नकलून घ्याव्यात, म्हणजे सर्व्हर बंद पडला तरी बुलेटिन चालू राहते.

युपीएसवर सर्व्हरबरोबर स्विच आणि फायबरचा डबाही असला पाहिजे; हे दोघे पुष्कळदा साध्या सॉकेटवर सापडतात. युपीएसची यूएसबी तार सर्व्हरला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की तो स्वतः नीट बंद होईल. गच्चीवर किंवा शेजारच्या इमारतीतील हेडएंडकडे (केबलवर वाहिन्या सोडणाऱ्या कक्षाकडे) तांब्याची नेटवर्क केबल गेली असेल, तर तिथे फायबर टाका, कारण वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा स्विचचे पोर्ट याच तारेमुळे जळतात.

नियमांची बाजू थोडक्यात. केबलचालकाच्या स्वतःच्या वाहिन्यांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रक्षेपणाची ध्वनिचित्रप्रत ९० दिवस ठेवण्यास सांगितले आहे. सेकंदाला २ मेगाबिटची हलकी प्रत ठेवली, तर त्याला सुमारे २ टेराबाइट लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि घड्याळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवून ठेवावे लागते. प्रत्येक वार्ताहराचे खाते वेगळे असू द्या. मोबाइल हरवला, तर एकच खाते बंद करता येते.

क्रमाने करायचे झाल्यास, सर्व्हरच्या खरेदीआधी प्रत्येक वार्ताहराकडून संध्याकाळी पाच ते सात या वेळेतील अपलोडचा खरा वेग मागवा, कारण दुपारी घेतलेले आकडे उपयोगाचे नसतात. मग तीन फोल्डरांची व्यवस्था एखाद्या जुन्या संगणकावर बसवा आणि निपाणीचा एकच वार्ताहर त्यावर आणा. फाइल येत असताना मुद्दाम तार काढा, मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, सर्व्हरची वीज घालवा, आणि दर वेळी ‘तयार’ फोल्डरमध्ये काय दिसते ते पाहा. तिथे अर्धी फाइल एकदाही दिसली नाही, तरच इतर गावांचे वार्ताहर जोडा. तोपर्यंत व्हॉट्सॲप आणि पेन ड्राइव्ह चालू राहू द्या. कणकुंबीसारख्या भागासाठी तर पेन ड्राइव्ह पुढेही लागेलच. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट-३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि कार्यालयात आल्यावर त्यातील फाइलही ‘आवक’मधूनच आत घ्या. आपले प्लेआउट सॉफ्टवेअर कोणते आहे आणि ते कोणते स्वरूप स्वीकारते हे कळवलेत, तर रूपांतराच्या नेमक्या सेटिंग मी लिहून देईन.